रॉकेटच लिहा

त्या हिवाळ्यात आमची प्लाटून उत्तर सीमेवरच्या एका पोस्टवर होती. पोस्टचं नाव मी लिहिणार नाही. उंचीही लिहिणार नाही. एवढंच सांगतो की तिथे घोटभर पाणी हवं असेल तर आधी बर्फ वितळवावा लागायचा. आणि मी वसईजवळच्या होळी गावचा माणूस, ज्याच्या घरामागे पाण्याने भरलेलं बावखल आहे आणि बावखलाच्या काठाला केळी.

मी तेव्हा हवालदार होतो. पुढे सुभेदार होऊन निवृत्त झालो. लोक म्हणतात, काका, लढाईच्या गोष्टी सांगा. माझ्याकडे लढाईची गोष्ट नाही. जी आहे ती ऐकून काही लोक हसतात. म्हणूनच ती पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून ठेवतो आहे.

पोस्टवर आम्ही वीस-बावीस जण होतो. पोस्ट कमांडर सुभेदार शिंदे, साताऱ्याकडचे. त्यांच्या हाताखाली मी. दिवस ठरलेला असायचा. उजाडायच्या आधी स्टँड-टू. म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन आपापल्या मोर्च्यात उभं राहायचं, कारण शत्रू यायचा तर बहुधा त्याच वेळी येतो. उजाडलं की स्टँड-डाऊन, चहा. मग फावड्याने बर्फ काढायचा, रॉकेलचे जेरीकॅन वाहायचे, हत्यारं साफ करायची. संध्याकाळी पुन्हा स्टँड-टू. आणि दर तासाला मागे कंपनीला वायरलेसवर ओके रिपोर्ट. सगळं ठीक आहे, एवढंच सांगायचं. रिपोर्ट आला की मागे कोणी त्याचा विचारही करत नाही. नाही आला की सगळ्यांची धावपळ.

पोस्टचा सेट लान्स नायक कमळाकर तरे चालवायचा. तो विरार पूर्वेच्या चंदनसारचा. एका तालुक्यातले म्हणून आमचं जमलं. ड्युटीवर तो मला हवालदार म्हणायचा, बंकरमध्ये भाऊ. घरची भातशेती होती. बोलण्यात 'ण' नव्हताच. ट्रेनिंगमध्ये पोरं त्याला पानी-पानी म्हणून चिडवायची. तो म्हणायचा, "हिंदीत पानीच म्हनतात. तेवढं हिंदी मी घरूनच शिकून आलोय." पण सेट कानाला लावला की दुसराच माणूस. आवाज सपाट, शब्द मोजके. कंपनी कमांडर मेजरसाहेब म्हणायचे, तरेचा रिपोर्ट असला की दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या सेक्टरमध्ये आकाशात दिवे दिसत होते. कधी या पोस्टवरून, कधी त्या. काहींचा नंतर उलगडा झाला, ते ग्रह निघाले. काहींचा झाला नाही. मागून स्पष्ट हुकूम होता, दिसेल ते ताबडतोब कळवा, स्वतःचा तर्क जोडू नका. बंकरमध्ये पोरं थट्टा करायची, परग्रहावरची माणसं आली तर त्यांना आपला डब्यातला राजमा खायला घालू, परत येणार नाहीत. थट्टा बंकरमध्ये. मोर्च्यात कोणी थट्टा करत नव्हतं. आमच्या समोर जो देश आहे त्याच्याकडे ड्रोन आहेत, हे आम्हाला माहीत होतं.

पोस्टच्या पुढे एक ओपी होती, निरीक्षणाची छोटी चौकी. मध्ये एक खिंड, खिंडीपलीकडे बर्फाचा लांब आडवा उतार, उताराच्या टोकाला डोंगराच्या सोंडेआड ओपी. तिथे दोन जवान आठवडाभर राहायचे. त्या आठवड्यात शिपाई माने आणि शिपाई खोत होते. त्या उताराचा एक कडक नियम होता. त्याच्यावर ऊन आलं की कोणी पाय ठेवायचा नाही. उन्हाने बर्फ सैल होतो आणि सुटतो. जायचं तर ऊन यायच्या आधी, नाहीतर दुपारनंतर उतार पुन्हा सावलीत गेल्यावर.

त्या दिवशी पहाटेच्या स्टँड-टूला मी मधल्या मोर्च्यात होतो. उत्तरेची डोंगरधार अजून काळी होती. आधी मला वाटलं, तारा उगवतोय. पण तारा एवढ्या वेगाने चढत नाही. पांढरा, ठसठशीत ठिपका. लुकलुक नाही, आवाज नाही. मग त्याच्या मागे धूर उघडला. आमच्याकडे खाडीत कोळी पाग फेकतो तेव्हा जाळं हवेत कसं गोल उघडतं, अगदी तसा. आतून उजेड भरलेला. अर्धं आकाश त्याने व्यापलं. माझ्या शेजारच्या जवानाने सेफ्टी कॅच मागे केल्याचा आवाज मी ऐकला.

कमळाकर सेटवर होता.

"चार्ली टू, काय दिसतंय? ओव्हर." कंपनीवरून मेजरसाहेब.

"एक पांढरा दिवा. उत्तरेला. वर चढतोय. मागे धूर. आवाज नाही. ओव्हर."

"विमान? ड्रोन? ओव्हर."

"सांगता येत नाही. ओव्हर."

"तुझा अंदाज सांग. ओव्हर."

"अंदाज नाही, सर. दिसतंय ते सांगतोय. ओव्हर."

तेवढ्यात त्या दिव्यातून एक लहान ठिपका सुटा झाला. मोठा पुढे गेला, लहान मागे पडला आणि खाली उतरायला लागला. आमच्या जागेवरून तो सरळ सोंडेमागे गेला. ओपीच्या बाजूला. तो खरोखर किती लांब होता ते आज मला माहीत आहे. त्या वेळी डोळ्यांना तो समोरच्या धारेमागे पडताना दिसला. मोर्च्यातल्या प्रत्येकाला तसाच दिसला.

ओपीचा ओके रिपोर्ट यायची वेळ झाली. आला नाही. कमळाकरने हाक मारली. पुन्हा मारली. टेलिफोनची तार आधीच बर्फाखाली तुटलेली होती. ओपी गप्प.

सुभेदार साहेब माझ्याकडे वळले. "राऊत, तीन माणसं. ओपीपर्यंत जा. बघ आणि कळव. ऊन यायच्या आत उतार ओलांडा. परत कधी यायचं ते तिथे गेल्यावर तू ठरव."

"जी साहेब."

मी, कमळाकर आणि शिपाई जाधव निघालो. कमळाकरकडे हातातला छोटा सेट, माझ्याकडे दुसरा, त्याहून कमी पल्ल्याचा. निघताना शेवटचा निरोप आला. पूर्ण सेक्टर स्टँड-टूवर आहे, मागच्या विमानविरोधी तोफा तयार आहेत, सगळे आमच्या खबरीची वाट बघत आहेत.

नागरिकांना हे कळावं म्हणून थांबून सांगतो. समोरासमोर उभ्या असलेल्या दोन फौजांमध्ये सगळ्यात धोक्याची वेळ कोणती, तर जेव्हा काय चाललंय ते कोणालाच माहीत नसतं आणि प्रत्येकाचं बोट ट्रिगरवर असतं. अशा वेळी एखादी गोळी चुकून सुटली तर पुढच्या सुटणाऱ्या चुकून नसतात.

खिंड ओलांडली. उतार सावलीत होता, बर्फ दगडासारखा कडक. एकेकाने, अंतर ठेवून पार केला. सोंडेला वळसा घालून ओपीजवळ पोचलो तेव्हा मी दोघांना आडवं होऊन थांबायला सांगितलं आणि परवलीचा शब्द ओरडलो.

"उस्ताद, आम्ही ठीक आहोत!" मानेचा आवाज आला.

दोघेही धडधाकट होते. वाऱ्याने त्यांच्या सेटची अँटेना मुळातून मोडली होती आणि ती बर्फात पुरली गेली होती. त्यांनीही दिवा पाहिला होता, काहीतरी जवळच पडतंय असं वाटून मोर्च्यात तयार बसले होते. मी दुर्बिणीने पूर्ण उतरण पाहिली. जाधवला घेऊन पुढच्या कड्यापर्यंत गेलो. पावलाचा ठसा नाही. पडलेलं काही नाही. जळल्याचा डाग नाही. स्वच्छ बर्फ.

कमळाकर हसला. "काय नाय, भाऊ. एवढे जीव तोडून आलो आनि काय नाय. लय बरं झालं."

आता ती खबर मागे द्यायची होती. ओपीची अँटेना मोडलेली. जाधवने तार बांधून पाहिली, आवाज पोचेना. आमचे हातातले सेट सोंडेआडून पोस्टपर्यंत बोलत नव्हते. त्यासाठी उतारावरून खिंडीच्या दिशेने जावं लागत होतं. आणि उताराच्या वरच्या कडेला ऊन लागलं होतं.

दोन रस्ते होते. दुपारपर्यंत ओपीत थांबायचं, किंवा आत्ता जायचं. थांबलो असतो तर आम्ही पाचही जण सुखरूप होतो. पण पोस्टने आमच्याआधी ओपी गप्प झालेली पाहिली होती. आता आमचं तिघांचं पॅट्रोलही गप्प झालं होतं. मागे बसलेल्या माणसाने यातून काय समजायचं? मी सुभेदार साहेबांच्या जागी असतो तर दुसरं पॅट्रोल पाठवलं असतं. मेजरसाहेबांच्या जागी असतो तर त्याहून मोठं काही मागितलं असतं.

मी ठरवलं, जायचं. हुकूम माझा होता. मी कमळाकरला म्हटलं, "सेट दे. मी जातो."

"हवालदार, हा सेट माझ्याशिवाय कोनाचं ऐकत नाय. तुम्ही तिथे खटखट करत बसाल. मी एका मिनिटात बोलून मोकळा."

त्याचं खरं होतं. तो सेट थंडीत लहरी व्हायचा आणि उतारावर जितका वेळ कमी तितकं चांगलं. मी होकार दिला. जाधवला ओपीत ठेवलं. मी उताराच्या अलीकडच्या खडकाशी थांबलो, कमळाकर पुढे निघाला. लाल एव्हलान्च कॉर्ड त्याच्या कमरेमागे ओढली जात होती. बर्फात माणूस पुरला गेला तर दोरीचा थोडा भाग वर राहावा म्हणून ती बांधतात.

खिंडीच्या थोडं अलीकडे त्याचा सेट लागला. पुढे खिंडीच्या खडकात जाऊन बोलला असता तर सुरक्षित होता. पण आवाज लागला तिथेच तो थांबला. माझ्या सेटवर मला त्याचंच बोलणं ऐकू येत होतं, पोस्टचं नाही.

"चार्ली टू, पॅट्रोल बोलतंय. ओव्हर."

मग थोडं थांबून, "ओपी ठीक. दोन्ही जवान ठीक. अँटेना मोडली आहे. जमिनीवर काही नाही. परत सांगतो, जमिनीवर काही नाही. ओव्हर."

पुन्हा थांबला. पलीकडून विचारणा झाली असावी.

"स्वतः बघितलं. खात्री आहे. ऑल ओके. ओव्हर."

आणि मग, "रॉजर. आऊट."

त्याने माझ्याकडे वळून हात वर केला. मीही केला. त्याच्या वरच्या बाजूला बर्फात एक निळसर रेघ उमटली. मी ओरडलो. मांजरपाट फाडल्यासारखा आवाज झाला आणि पूर्ण उतार एकदम खाली निघाला. कमळाकर दोन पावलं खिंडीकडे धावला. तेवढीच.

जाधव, माने, खोत आणि मी, चौघांनी खणलं. बर्फाचा आवाज ऐकून पोस्टवरून सुभेदार साहेब माणसं घेऊन आले. उरलेला उतार डोक्यावर होता, तरी कोणी मागे फिरलं नाही. लाल दोरी सापडली, तिच्या टोकाला तो सापडला. फार उशीर झाला होता. सेट हातात होता.

खबर पोचली होती. तोफांना आणि पोस्टांना स्टँड-डाऊन मिळाला होता. त्या दिवशी सीमेवर एकही गोळी सुटली नाही. ही गोष्ट कोणत्याच बातमीत येत नाही, कारण न सुटलेल्या गोळीची बातमी होत नाही.

शवपेटीबरोबर मला पाठवलं, मी त्याच तालुक्यातला म्हणून. मुंबईपर्यंत विमानाने, पुढे लष्करी गाडीने. चंदनसारला भात कापून झालेलं होतं. पेंढ्याच्या उडव्यांच्या मधून माणसं उभी होती. सलामी झाली. बिगुल झाला. कमळाकरच्या आईने माझा हात धरला.

"त्याला कोनी मारला?"

"कोणी नाही, आई. बर्फ आला."

"मंग तो तिथं गेला कशाला?"

"आकाशात दिवा दिसला होता. काय आहे ते बघायला गेला."

तिने हात सोडला नाही.

पाचव्या दिवशी मी होळी गावात घरी होतो. सुभेदार साहेबांचा फोन आला. त्यांनी सरळ सांगितलं. शेजारच्या देशाने त्या पहाटे उपग्रहाचं रॉकेट सोडलं होतं. शेकडो किलोमीटर लांबून. आपल्याकडे अंधार होता, पण एवढ्या उंचीवर त्याच्या धुरावर सूर्याचं ऊन पडलं, म्हणून ते तसं दिसलं. जो लहान ठिपका खाली आला तो रॉकेटचा रिकामा झालेला टप्पा. "आपल्याकडे काही पडलं नव्हतं, राऊत. पडणारही नव्हतं."

मी थोडा वेळ पडवीत बसलो. मग मोटारसायकल काढली आणि चंदनसारला गेलो. वर्तमानपत्रातून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं असं मला वाटलं.

कमळाकरची बायको वनिता ओसरीवर होती. मांडीवर दोन वर्षांची मुलगी झोपलेली. मी सगळं सांगितलं, एकही गोष्ट मागे ठेवली नाही. ती ऐकत राहिली.

"म्हनजे काहीच नव्हतं?"

"नव्हतं."

"आनि त्यांनी काय कळवलं होतं?"

"हेच. काही नाही, सगळं ठीक आहे."

"ते खरं निघालं ना, भाऊ?"

"हो."

"मग त्यांचं काम त्यांनी बरोबर केलं." असं म्हणून ती मुलीला घेऊन आत गेली. मला तिच्या रडण्याचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

युनिटमध्ये परतल्यावर कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. प्रत्येक मृत्यूनंतर होते, त्यात विशेष काही नाही. अध्यक्ष एक कर्नलसाहेब होते. प्रश्न सरळ होते.

"उतारावर ऊन आल्यावर हालचाल मना आहे. माहीत होतं?"

"होय, सर."

"तरी पाठवलंत?"

"होय, सर. खबर द्यायची होती."

"दुपारपर्यंत थांबता आलं असतं."

"आम्हाला आलं असतं, सर. सेक्टरला आलं नसतं."

"पुन्हा तशीच वेळ आली तर?"

"पुन्हा तेच करीन, सर. फक्त या वेळी सेट मी घेईन."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हवालदार, ते एक रॉकेट होतं."

"आज आहे, सर. त्या सकाळी नव्हतं. त्या सकाळी ते काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं."

निकालात कोणावर ठपका आला नाही. कर्तव्यावर असताना मृत्यू, असं लिहिलं गेलं. मी आणखी काही वर्षं नोकरी केली आणि घरी आलो.

गेल्या हिवाळ्यात मी वसईच्या एव्हरशाईन सिटीत मुलीकडे गेलो होतो. दिवस नुकताच मावळला होता. खाली कंपाउंडमध्ये एकदम गलका झाला. गॅलरीत आलो तर सगळे मोबाइल वर करून उभे. पश्चिमेकडून एक पांढरा गोळा येत होता, भोवती दुधासारखं वलय. "यूएफओ! यूएफओ!" कोणीतरी ओरडत होतं. "अरे, एलियन आले यार!" एक बाई हात जोडून उभी होती. मी वर बघत होतो आणि माझा उजवा हात खांद्यावर नसलेल्या रायफलीचा पट्टा शोधत होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर खुलासा आला. परदेशातून सुटलेल्या रॉकेटचा वरचा भाग पृथ्वीला फेरी मारताना उरलेलं इंधन सोडत गेला होता. मग विनोद सुरू झाले. आपण काय घाबरलो, कसले मूर्ख ठरलो. मीही हसलो. त्यात वाईट काही नव्हतं.

वाईट पुढच्या रविवारी झालं. चंदनसारला नवी वस्ती उभी राहिली आहे. भाताच्या जागी इमारती आल्या. तिथल्या नव्या बागेच्या कोपऱ्यावर कमळाकरच्या नावाचा फलक लावायचं गावातल्या लोकांच्या मनात होतं. त्यासाठी एका सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक बोलावली. मला बोलावलं, वनिताला बोलावलं. तिथल्या सोसायटीचे सेक्रेटरी सावंत नावाचे गृहस्थ, मूळ कोकणातले, मुंबईला नोकरी. माणूस सभ्य. ते उभे राहिले.

"सर, मला आर्मीबद्दल फुल रिस्पेक्ट आहे. पण क्लिअर बोलतो. ही डेथ अ‍ॅक्सिडेंट होती. परवा आपण सगळ्यांनीच तसलं रॉकेट बघितलं, दुसऱ्या दिवशी सगळे हसलो. उद्या माझी मुलगी विचारेल की हे काका कशासाठी गेले, तर मी काय सांगू? रॉकेट बघायला गेले?"

मागे दोघे-तिघे हसले. वनिता पहिल्या रांगेत होती. तिने मान वळवली नाही.

मग गावातले जुने पुढारी भाऊ पाटील उठले. "एवढा कीस कशाला? फलकावर लिहा, शत्रूशी लढताना वीरमरन. संपला विषय. कोन तपासायला येतंय?"

टाळ्या पडल्या. सावंतही म्हणाले, "हां, हे चालेल. हे कन्व्हिन्सिंग आहे."

मी उठलो. मी भाषण करणारा माणूस नाही. आवाज मात्र परेड ग्राउंडचा आहे, माईक घेतला नाही.

"सावंत साहेब, परवा तुम्ही दिवा बघितलात तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"टेरेसवर."

"घाबरलात?"

"खरं सांगू? थोडा घाबरलो."

"मग काय केलंत?"

"व्हिडिओ काढला. सगळ्यांनीच काढला."

"बरोबर केलंत. तुमचं काम तेवढंच होतं. तुम्हाला तो काय आहे हे दुसऱ्या दिवशी घरबसल्या कळलं. सीमेवर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबता येत नाही. तिथे कोणाला तरी उठून बघायला जावं लागतं. काय आहे हे माहीत असतं तर कोणीही गेलं असतं. माहीत नसताना हा गेला. मुलीला हे सांगा. आणि हे सांगायला जमत नसेल तर माझ्याकडे पाठवा, मी सांगतो."

मी पाटलांकडे वळलो.

"आणि भाऊ, तुम्ही त्याला खोटं मरण देऊ नका. शत्रू तिथे नव्हता. शत्रू नाही हेच सांगताना तो गेला. जो माणूस मेजरसाहेबांनी विचारलं तरी अंदाज सांगत नव्हता, त्याच्या नावाखाली तुम्ही थाप लिहिणार? मी जिवंत आहे तोवर तो फलक तिथे टिकणार नाही. मी स्वतः येऊन काढीन. मग पोलिसांत द्या मला."

पाटील रागावले. "अरे राऊता, आम्ही त्याच्याच मानासाठी बोलतोय ना!"

तेव्हा वनिता उभी राहिली. ती आता तिथल्या बालवाडीत शिकवते. हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"माझा नवरा रॉकेटमुळे गेला. एवढी वर्षं लोक मला ते दबक्या आवाजात विचारतात, जनू काय त्यांनी चोरी केली होती. मला त्याची लाज वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल तर फलक लावू नका. लावायचा असेल तर रॉकेटच लिहा. मोठ्या अक्षरात लिहा."

ती बसली. बैठक त्या दिवशी कसलाही निर्णय न होता संपली. भाऊ पाटील चहा न घेता गेले. ते आजही माझ्याशी बोलत नाहीत. सावंतांचा मात्र आठवड्याने फोन आला. मजकूर तुम्ही द्या, म्हणाले, सोसायटीकडून मी बघतो.

मजकूर मी आणि वनिताने मिळून केला. फलकावर लिहिलंय: "लान्स नायक कमळाकर तरे, चंदनसार. सीमेवर पहाटे आकाशात अनोळखी दिवा दिसला. तो काय आहे हे पाहायला ते गेले. काही नाही, सगळं ठीक आहे, अशी खरी खबर त्यांनी दिली आणि लगेच बर्फाखाली त्यांना मरण आलं. तो दिवा रॉकेटचा होता, हे नंतर कळलं."

फलक लावला त्या दिवशी साताऱ्याहून सुभेदार शिंदे आले, काठी टेकत. माने आला. तो आता हवालदार आहे, रजा काढून आला. कमळाकरच्या आईला वाचता येत नाही. तिने नातीकडून पूर्ण वाचून घेतलं आणि म्हणाली, "असाच झाला होता." तिला आणखी काही लिहायला नको होतं.

मी महिन्यातून एकदा तरी तिकडे जातो. मागच्या वेळी एक तरुण जोडपं फलकासमोर थांबलं होतं. नवरा वाचता वाचता हसला. "रॉकेट? सीरियसली?"

मी बाकावरून उठलो. "हसा. पण शेवटपर्यंत वाचा."

दोघांनी पुन्हा वाचलं. या वेळी कोणी हसलं नाही. बायकोने विचारलं, "तुम्ही ओळखत होता यांना?"

"हो," मी म्हणालो. मग सांगितलं. पोहण्यात पलटणीत पहिला, व्हॉलीबॉलमध्ये अगदी वाईट, आणि हरला की पंचाशी भांडायचा. सुकट घालून वांगं करायचा, ते साताऱ्याची पोरंही ताट पुसून खायची. रजेवर आला की पहिल्या दिवशी युनिफॉर्म धुऊन वाळत घालायचा आणि दुसऱ्या दिवशी बापाबरोबर चिखलात उतरायचा. मुलीचा पहिला शब्द त्याने बायकोच्या फोनवर ऐकला, आणि पूर्ण पोस्टला झोपेतून उठवून सांगितला. सत्तावीस वर्षांचा होता. बागेतली ती दोघं अंधार पडेपर्यंत ऐकत होती, आणि मी थांबलो नाही.